नाका, नाली आणि नागपूर

पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींत ‘नाका’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. पूर्वी जिथे चुंगी घेत आणि आता जिथे पानठेला आहे, ती जागा म्हणजे पहिला नाका. राज्याच्या सीमेवर जिथे एके काळी ट्रकांची रांग लागे आणि आता फक्त चहाची टपरी उरली आहे, तो दुसरा. महामार्गावर छपराखाली जिथे गाडी थांबू नये म्हणून लाखोंची यंत्रणा बसवली आहे आणि तरीही गाडी थांबते, तो तिसरा. चौथाही एक नाका आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. तो नगरपालिकेच्या बजटात बसलेला असतो आणि दर महिन्याला भोपाळहून येणाऱ्या रकमेवर जगतो. त्याची हकीकत पुढे येईल.

आधी भूगोल. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आत आहे, सौसरहून त्याहूनही जवळ. भोपाळ त्याच्या अडीचपटीहून लांब. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भाचे बाकीचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्याबरोबर ही दोन मराठी गावंही राहिली. परिणाम असा, की इथला माणूस घरात मराठी बोलतो, अर्ज हिंदीत लिहितो, आजारी पडला की नागपूरला जातो आणि बरा झाला की कामासाठी भोपाळला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर त्यात आलं आणि कलेक्टर छिंदवाड्याहून थेट गावात आले. मेंदूचा डॉक्टर, लग्नाचा बस्ता, मुलांचे क्लासेस आणि संत्र्याचा बाजार मात्र जागचे हलले नाहीत. ते नागपुरातच आहेत, आणि नागपूरला जायचं तर वाटेत नाका आहे.

रस्त्यात माणूस अडवून पैसे घेण्याची कला या मुलखात जुनी आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण उभा आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून येणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकी, असं परंपरा सांगते. ती खरी मानली तर तो रांजण म्हणजे फास्टॅगचा मूळपुरुष. फरक एवढाच, की रांजणात किती पडलं ते टाकणाऱ्याला ऐकू येत असे. आता घरी पोचल्यावर मोबाइलवर कळतं.

पुढच्या काळात गावोगावी चुंगी आली. गावात येणाऱ्या मालावर नगरपालिका कर घेई आणि त्यातून दिवाबत्ती करी. चुंगीचा कारकून हा त्या काळी गावाचा खरा अर्थमंत्री. गाडीत काय आहे हे तो नुसतं वाकून सांगे, आणि गाडीत संत्री असतील तर वाकायचीही गरज नसे. वासावरून काम भागे, कधी कधी दोन डझनांवरही भागे. आताचा नाक्यावरचा कॅमेरा संत्री खात नाही. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती म्हणायला हवी.

मध्य प्रदेशाने 1976 मध्ये चुंगी बंद केली आणि तिच्या जागी प्रवेश कर आणला. महाराष्ट्राला एवढी घाई नव्हती. तिथल्या नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, नागपूर महानगरपालिकेची 2013 मध्ये आणि मुंबईची थेट 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी आला त्या दिवशी. म्हणजे जवळजवळ 37 वर्षं सौसरचा संत्रा आपल्या गावात बिनचुंगीचा फिरे आणि नागपूरच्या वेशीवर जकात भरी. मध्य प्रदेशचा प्रवेश करही 2017 मध्ये जीएसटीत विरघळला. सीमेवरच्या परिवहन चौक्या उरल्या होत्या. 1 जुलै 2024 पासून त्याही मध्य प्रदेशाने बंद केल्या, सातनूरची त्यातलीच. तेव्हा इथून पुढे नाका नाही, असं कुणी म्हणालं असतं तर कागदोपत्री ते खरंच होतं.

पण नाका असा मरत नसतो. 1976 मध्ये चुंगी गेली तेव्हा नगरपालिकांनी साहजिकच विचारलं, की आता पगार कशातून द्यायचा? त्यावर ‘चुंगी क्षतिपूर्ती’ नावाची रक्कम सुरू झाली. चुंगी बंद झाल्याने जे नुकसान झालं त्याची भरपाई, असा तिचा अर्थ. ती अजून सुरू आहे. ज्यांनी चुंगीचा नाका डोळ्यांनी पाहिला ते आता आजोबा झाले आणि ज्यांच्या पगारात ती रक्कम येते त्यांतले बरेचजण नाका बंद झाल्यावर जन्मले. सोबत ‘यात्री कर क्षतिपूर्ती’ही येते. राज्याचं सडक परिवहन महामंडळ विसाव्या शतकाबरोबरच आटोपत आलं आणि 2005 च्या सुमारास बंद झालं, तरी यात्री या शब्दाला बजटात अजून जागा आहे. एखाद्या घरात आजोबा गेल्यावरही त्यांच्या नावाचं दूध चालू राहावं, तसा हा प्रकार आहे. आणि घर त्याच दुधावर चालतं. त्यातही गंमत अशी, की नगरपालिकांनी विजेचं बिल थकवलं की सरकार ते या रकमेतूनच आधी कापून घेतं. मेलेल्या नाक्याच्या नावाने येणारे पैसे अशा रीतीने पथदिव्यांच्या वाटेने परत जातात.

आता बजट. महाराष्ट्रातल्या वाचकाची इथे जरा फसगत होते. सावनेरला ‘नगरपरिषद’ म्हटलं की गावाचा सगळा कारभार आला. सीमा ओलांडून आठ-दहा कोसांवर ‘नगर परिषद’ म्हणजे लहान गावाची, लोधीखेडा किंवा मोहगावसारख्या, आणि पांढुर्णा-सौसरसारखं मोठं गाव असेल तर ‘नगर पालिका परिषद’. तिकडचा नगरसेवक इकडे पार्षद होतो, मुख्याधिकारी सीएमओ होतो आणि गटार नाली होते. पाणी दोन्हीकडे सारखंच तुंबतं.

नगरपालिकेच्या उत्पन्नाचे स्वतःचे म्हणावेत असे झरे थोडे. संपत्ती कर, समेकित कर, जलकर, शिक्षा उपकर, बाजार बैठकी, दुकानांची भाडी. संपत्ती कर घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर 6 ते 10 टक्के लागतो आणि मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर त्याला निम्मी सूट मिळते. त्यामुळे कागदावर पाहिलं तर अशा गावांत भाडेकरू नावाची जमात जवळजवळ नामशेष झालेली आढळते. वरच्या मजल्यावर राहतात ते पाहुणे. ते पाच-सहा वर्षं राहतात, दर महिन्याच्या पाच तारखेला मालकाच्या हातात काहीतरी ठेवतात आणि दिवाळीला मालकाच्या घरी फराळ पोचवतात, पण पाहुणेच.

झऱ्यांनी भागत नाही, म्हणून वरून नळ. केंद्राच्या 15 व्या वित्त आयोगाचं अनुदान 2026 पर्यंतच्या पाच वर्षांसाठी ठरलं. त्यातलं 60 टक्के बांधलेलं: अर्धं सफाईवर आणि अर्धं पाण्यावर. उरलेलं 40 टक्के मोकळं, पण त्यातून पगार करायचा नव्हता. म्हणजे नगरपालिकेने कशाला प्राधान्य द्यावं, हे दिल्लीने ठरवलं. पगार, वीज आणि कचरागाडीचं डिझेल यांनी उरलेल्यातलं बहुतेक ठरवलं. शेवटी परिषदेच्या हाती जे उरतं त्यात वाद घालायला एकच विषय शिल्लक राहतो: कुणाच्या वार्डात किती.

मार्चच्या अखेरच्या दिवसांत बजटाचं संमेलन भरतं. आय-व्यय पत्रक हिंदीत असतं आणि त्याला तीन रकाने असतात. पहिल्यात मागच्या वर्षी काय झालं ते, दुसऱ्यात या वर्षी काय होईल असं वाटलं होतं ते, आणि तिसऱ्यात पुढच्या वर्षी काय होईल असं आता वाटतं ते. तिसरा रकाना सर्वांत भरघोस असतो. कारकून “मद क्रमांक सत्रह, स्वागत द्वार एवं सौंदर्यीकरण” असं वाचत असताना मागच्या ओळीत मराठीत विचारपूस चालते, “चहा आला काय बे?” आकडे कोटींत असतात तोवर सभागृह शांत असतं. हातपंपाच्या दुरुस्तीचे काही हजार निघाले की सगळे एकदम जागे होतात, कारण हातपंप सगळ्यांनी पाहिलेला असतो. कोटी कुणी पाहिलेला नसतो. शेवटी उत्पन्नातून खर्च वजा जाऊन थोडीशी शिल्लक दिसते, म्हणून ते ‘फायद्याचं बजट’ ठरतं आणि सर्वसंमतीने पारित होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. फोटोत बजट दिसत नाही, हार दिसतात.

खर्चाच्या क्रमवारीचं एक शास्त्र आहे आणि ते सगळ्या लहान शहरांना लागू पडतं. स्वागतद्वार सर्वांत वर. ते उंच असतं, त्यावर नाव मावतं आणि त्याखालून सगळ्यांना जावं लागतं. त्यानंतर हायमास्ट दिवा, मग पेव्हर ब्लॉक, मग डांबर. नाली सर्वांत शेवटी. नालीवरही लोकार्पणाची पाटी लावता येते, नाही असं नाही. पण ती वाचायला माणसाला वाकावं लागतं आणि वाकताना नाक धरावं लागतं, आणि नाक धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कृतज्ञता नीट उमटत नाही.

एका कामासाठी मात्र इथे बजटात कुणी फाटे फोडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार भरते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात आणि एका काठाचं पांढुर्णा दुसऱ्या काठाच्या सावरगावावर दगड फेकतं. सावरगावची मुलगी घेऊन निघालेला पांढुर्ण्याचा मुलगा नदीत अडकला, अशी त्यामागची लोककथा आहे. वाटेत अडवून वसुली करण्याचा हा या गावचा सर्वांत जुना नमुना म्हणता येईल. त्या दिवसासाठी उजेड, कठडे, पोलीस, अँब्युलन्स, डॉक्टर अशी सगळी तरतूद होते. दगड तेवढा लोकवर्गणीतून. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कुणी हातात धरले नाहीत. या खेळात माणसं दगावली आहेत, तेव्हा चेष्टा इथेच थांबवलेली बरी.

नगरपालिकेच्या नाक्याशी भांडता येतं, निदान पार्षदाला गाठता येतं. महामार्गाच्या नाक्याचं तसं नाही. पांढुर्ण्यावरून राष्ट्रीय महामार्ग 47 जातो: एका बाजूला मुलताई-बैतूल, दुसऱ्या बाजूला सावनेर-नागपूर. बैतूलकडे जाताना खंबाऱ्याचा नाका लागतो, नागपूरकडे जाताना पाटणसावंगीचा. सौसर 547 वर आहे. तो रस्ता छिंदवाड्याहून येतो आणि सावनेरला 47 ला मिळतो. त्यामुळे सौसरकराला नागपूरला जाताना आधी केळवद, मग पाटणसावंगी, असे दोन नाके पार करावे लागतात.

इथे दर वेळी गाडीत एकजण 60 किलोमीटरचा नियम काढतो. 22 मार्च 2022 रोजी नितीन गडकरींनी लोकसभेत सांगितलं होतं, की 60 किलोमीटरच्या आत दुसरा नाका राहणार नाही. गडकरी नागपूरचेच खासदार, त्यामुळे हे वाक्य या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहे. टोलच्या 2008 च्या नियमावलीतलं वाक्य मात्र जास्त सावध आहे. त्यात ‘महामार्गाच्या त्याच टप्प्यावर आणि त्याच दिशेने’ असं म्हटलं आहे. सावनेरला गाडी तीच असते, माणसं तीच असतात, मागच्या सीटवरची डब्यातली भाकरीही तीच असते. फक्त रस्त्याचा नंबर बदलतो. आणि तिथे वादाचा निकाल लागतो.

दराचं गणित फारसं कुणी वाचत नाही, पण ते वाचण्यासारखं आहे. 2007-08 साली चौपदरी रस्त्यासाठी मोटारीला किलोमीटरमागे 65 पैसे हा पाया धरला. त्यावर दर वर्षी 3 टक्के वाढ ठरलेली, आणि घाऊक महागाई जेवढी वाढेल तिच्या 40 टक्के आणखी. आलेला आकडा जवळच्या 5 रुपयांत बसवायचा. हे सगळं 1 एप्रिलला आपोआप होतं. संमेलन भरत नाही, चहा येत नाही, कुणी हातपंपाचा मुद्दा काढत नाही. गावाचं बजट आणि टोलचा नवा दर एकाच दिवशी लागू होतात; पैकी ज्यात बोलायला वाव असतो तिथे कुणी बोलत नाही, आणि जे बोलून बदलत नाही त्यावर वर्षभर चर्चा चालते.

नाक्यावर एक भलामोठा फलकही असतो. कुणाला टोल माफ आहे याची ती यादी. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल, परमवीर चक्राचे मानकरी अशी ती खाली उतरत जाते. तळाशी अँब्युलन्स येते आणि मग शववाहिका. सामान्य माणसाला या यादीत बसण्याची सोय आहे ती एवढीच. मोटारसायकलवाल्याला टोल नाही, म्हणून तो यादी न वाचता कडेच्या पट्टीतून निघून जातो. जाताना मोटारीतल्या माणसाकडे एकदा बघतो.

नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खासगी गाडीसाठी मासिक पास मिळतो. 2007-08 साली त्याचा पाया 150 रुपये होता, 2025-26 मध्ये तो 350 झाला. यावरून नाक्यावर जो संवाद घडतो तो साधारण ठरलेला आहे.

“भाऊ, मी इथलाच हाय. हे पाहा आधार.”

“आधार बराबर हाय, पण पास काढा लागते.”

“पास काढला तं मंग इथला असून काय फायदा?”

या तिसऱ्या वाक्याला अजून कोणत्याही नाक्यावर समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

ज्याला पास मिळत नाही तो ‘आतल्या रस्त्याने’ जातो. हा रस्ता एखाद्या चुलत मेव्हण्याला माहीत असतो. तो तीन गावांतून जातो, एका पुलावर संपल्यासारखा वाटतो आणि मग शेतातून पुन्हा सुरू होतो. टोल वाचतो हे खरं. पेट्रोल थोडं जास्त जातं, बैलजोडीमागे पंधरा मिनिटं जातात, मेव्हण्याच्या ओळखीच्या घरी चहा घ्यावा लागतो आणि पुढच्या महिन्यात गाडीचे पाटे बदलावे लागतात. पण टोल वाचतो.

24 तासांच्या आत परत आलं, तर जाण्यायेण्याचे मिळून दुप्पट न लागता दीडपट पैसे लागतात. या सवलतीने सासुरवाडीच्या इतिहासात मोठी भर घातली आहे. नागपूरची सासू म्हणते, “आजचा दिवस राहा ना.” जावई घड्याळ बघतो आणि म्हणतो, “राहिलो असतो, पण चोवीस तास होतात.” पूर्वी या सबबीच्या जागी ऑफिस होतं, त्याआधी गाय होती.

15 फेब्रुवारी 2021 च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. नसेल तर दुप्पट. 15 नोव्हेंबर 2025 पासून टॅग नसलेल्याला यूपीआयने दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट असं ठरलं. मे 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने असंही काढलं होतं, की रांग 100 मीटरच्या पिवळ्या रेषेपलीकडे गेली तर टोल न घेता गाड्या सोडाव्यात. त्यानंतर रांगेतला प्रत्येक माणूस पिवळी रेषा शोधू लागला. 2024 मध्ये ती सूचना मागे घेतली गेली. शोधायची सवय राहिली आहे.

15 ऑगस्ट 2025 पासून खासगी मोटारींना वार्षिक पास निघाला: तेव्हा 3,000 रुपये आणि 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एक नाका ओलांडला की एक फेरी. पांढुर्णेकर पाटणसावंगी जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडतो, म्हणून त्याच्या नागपूरच्या शंभर वाऱ्या होतात. सौसरकराला दोन नाके, म्हणजे वारीला चार फेऱ्या आणि वर्षाला पन्नास वाऱ्या. आठवडे बावन्न. दर रविवारी नागपूरला जाणाऱ्या सौसरच्या कुटुंबाला म्हणून वर्षातले दोन रविवार घरी काढावे लागतात, आणि ते कोणते यावर जुलैपासूनच बोलणी सुरू होतात.

ज्यांच्याकडे मोटार नाही ते बसने जातात, आणि बसमध्येही नाका आहे. महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. नागपूरहून परतणाऱ्या बाईचं तिकीट सीमेपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण लागतं. कंडक्टर हे तोंडी सांगतो, मशीन काढून देतं, आणि खिडकीपाशी बसलेली आजी विचारते, “बापा, बॉर्डर आली का मी निम्मीची पूर्ण होतो काय?” आजी पंच्याहत्तरीची असेल तर सीमेपर्यंत फुकट. पुढे तिचं वय मोजत नाहीत.

31 मार्चच्या रात्री या रस्त्यावर नेहमीपेक्षा थोडी घाई दिसते. बारा वाजले की नवा दर. नागपुरात लग्नाला गेलेला माणूस पंगत अर्धी टाकून उठतो, बायकोला “लवकर, लवकर” करतो, सावजींचं पार्सल मांडीवर घेतो आणि 11 वाजून 50 मिनिटांनी पाटणसावंगी पार करतो. मोबाइल वाजतो, जुनाच दर कापलेला असतो. पाच रुपये वाचले. सीमा ओलांडून, स्वागतद्वाराखालून, हायमास्टच्या उजेडातून तो आपल्या गल्लीत येतो, गाडी लावतो, पार्सल सांभाळत उतरतो आणि घरासमोरच्या नालीत पाय घालतो. नालीवर झाकण नाही. झाकणाची तरतूद तिसऱ्या रकान्यात आहे.